व्यर्थ होईल

९ फेब्रुवारी

माझ्या हाताचं वाटोळं झालं ते झालं, वर ही शिक्षा! रोज एक पान लिहायचं म्हणे. चौथीत माझी शाळा सुटली तेव्हा मास्तर सुटले बिचारे. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी पान भरा! मनगटाचा व्यायाम करून घेणारी ती बाई — बाई कसली, विशीतली पोर — म्हणाली, "आजी, लिहिणं तुमच्या हाताला बेनिफिशियल आहे." मी म्हटलं, शिवी देतेस की औषध? तर म्हणे, बेनिफिशियल म्हणजे फायद्याचं. मग तसं म्हण की! फायद्याला फायदा म्हटलं तर फी कमी होते काय?

वही मुलानं दिली. औषधाच्या कंपनीची, दोन वर्षांपूर्वीची. तारखा बरोबर, वार चुकलेले. नवीन वही आणली असती तर आकाश कोसळलं असतं.

जिन्यात कुणीतरी पाणी सांडलं, मी पडले, उजवं मनगट मोडलं. आता प्लास्टर निघालंय. शिवणकारखान्यात तीस वर्षं काजं केली. एक काज कधी वाकडं गेलं नाही. आणि ही अक्षरं बघा — मुंग्या मयताला निघाल्यासारख्या.

पान भरलं. झालं समाधान?

१० फेब्रुवारी

हात ठणकला. फायदा झाला असणार.

१३ फेब्रुवारी

घरात नवीन खूळ शिरलंय. सुनेला सुपरवायझर व्हायचंय!

मी जिथं काजं केली त्याच कारखान्यात ती शिवते. दवाखान्यातल्या लोकांचे कपडे. मालक आता लांबच्या गावात दुसरा कारखाना काढतोय. एक बाई तिकडे पाठवायची, सहा महिने राहून काम शिकायचं, मग परत येऊन इथं शिवणाऱ्या बायकांवर देखरेख. बाहेरदेशाची गिऱ्हाइकं येतात म्हणून मुलाखत इंग्रजीत. हिनं नाव देऊन टाकलं. कुणाला विचारलं? कुणालाही नाही.

मुलगा जेवता जेवता थांबला. "आणि घर?" म्हणाला. तेवढंच. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. अख्ख्या गावाला वर नेतो, बायको वर जायची म्हटली की मधल्याच मजल्यावर अडकतो.

कारखान्यानं चार बायकांसाठी इंग्रजीचा क्लास लावलाय. क्लासवालीनं एक कागद दिला. फायदा आणणाऱ्या गोष्टींना काय काय म्हणतात त्याचे आठ शब्द. आठ! मुलाखतीत विचारणारच म्हणे — तुम्ही कंपनीच्या काय फायद्याच्या? मी म्हटलं, माझी तीस वर्षं घेतली तेव्हा एका शब्दानं विचारलं नाही कुणी.

नात कॉलेजात जाते. तिनं आठही शब्द आपल्या अक्षरात चिठ्ठ्यांवर लिहून दिले. चिठ्ठ्या सगळीकडे. एक साखरेच्या डब्यावर, एक आरशावर. तोंड धुवायला गेले तर समोर लुक्रेटिव्ह.

१७ फेब्रुवारी

सकाळपासून सून भांडी घासता घासता पुटपुटतेय — व्यर्थ होईल... व्यर्थ होईल... एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा राहवलं नाही. म्हटलं, "अगं, नाटक सुरू व्हायच्या आधीच रडतेस? एवढंच आहे तर नाव कशाला दिलंस?"

ती हातात घासणी घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग जी हसायला लागली! डोळ्यांतून पाणी. "आई, तो शब्द आहे हो. वर्थव्हाइल. म्हणजे ज्याच्यासाठी कष्ट केले ते वाया जात नाहीत असं काहीतरी."

घ्या! जे व्यर्थ होत नाही त्याला व्यर्थ होईल म्हणायचं! ह्या लोकांनी जगावर राज्य कसं केलं देव जाणे.

पण आठांपैकी तेवढा एक शब्द तिला पाठ झाला. माझ्यामुळे. बाकीचे सात पालथ्या घड्यावर पाणी.

२० फेब्रुवारी

माझी वेणी सुनेला घालावी लागते. पाठीचे हूकही तीच लावते. मनगट वळत नाही ना. ती मागे बसते, मी पुढे, मध्ये कंगवा. कामावर जायच्या आधी तेवढी दहा मिनिटं. त्यातच म्हटलं, म्हण तुझे शब्द. ती म्हणायची आणि अडायची, अडली की कंगवाही अडायचा, आणि ओढले जायचे माझे केस! इंग्रजी तिचं, टाळू माझं.

शेवटी मी म्हटलं, "असे सुटे शब्द कुणाच्या बापाच्या लक्षात राहत नाहीत. प्रत्येकाला घरातलं एक माणूस दे. माणूस आठवलं की शब्द आठवेल. आपल्याकडे काय नमुन्यांची कमी आहे?"

मग बसलो दोघी.

लुक्रेटिव्ह. म्हणजे बक्कळ पैसा देणारं. हा आमचा जावई. अंगानं लुकडा, खिशानं जाडा. लुकडा — लुक्रेटिव्ह. चिकटला.

ॲडव्हान्टेजस. म्हणजे दुसऱ्यापेक्षा आपलं वरचढ होईल असं. ही मोठी सून. आली की आधी कोचावर आडवी होते, मग उशीला टेकते, आणि चहा हातात येईपर्यंत उठत नाही. आडवी-टेकस! धाकटी इतकी हसली की कंगवा खाली पडला.

प्रॉफिटेबल. नफ्याचं. हा माझा धाकटा भाऊ. कचेरीत कारकून होता. नफा त्याचा सगळा टेबलाखालून. शब्दातच टेबल आहे, मी काय करू?

फ्रूटफुल. फळलेलं. वरच्या मजल्यावरची. सहा पोरं.

प्रॉडक्टिव्ह. काही ना काही तयार करत राहणारं. हिचा नवरा, म्हणजे माझाच मुलगा. रोज एक नवीन कारण तयार करतो. हे मी सांगितलं नाही, तिनंच सांगितलं! मी म्हटलं, "माझ्यासमोर माझ्या मुलाला?" ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, घरातलं माणूस दे." जीभ फुटलीय हिला. इंग्रजीनं फुटली की आधीपासूनच होती, कळत नाही.

बेनिफिशियल व्यायामवालीला दिला. तिनंच आणला तो घरात.

व्यर्थ होईल तर पाठच आहे.

राहिला सॅल्युटरी. मी म्हटलं, सोपा आहे. कारखान्याच्या फाटकावरचा राखणदार, मालकाची गाडी आली की सॅल्यूट ठोकतो आणि दर वर्षी नवीन बूट मिळवतो. सॅल्यूट करून होतो तो फायदा, सॅल्युटरी! सून म्हणाली, "तसं नाही वाटत आई. क्लासवालीला विचारते." मी म्हटलं, विचार. ज्याला त्याला विचार, मला सोडून.

२१ फेब्रुवारी

सातही आले! मी मोजले. हूक लावता लावता म्हणाली धडाधड. आठव्याचं विचारलं तर म्हणे, "कळला अर्थ. माणूसही सापडलं." कोण, तर सांगेना. आपल्या हातानं नवी चिठ्ठी लिहिली, घडी करून सुयांच्या डबीत टाकली आणि डबी पर्समध्ये. ठेव बाई, तिजोरीत ठेव.

२५ फेब्रुवारी

आज मुलगा बाहेर पडताना शर्टाचं बटण लोंबकळत होतं. वरून दुसरं. म्हणाला, "हिला वेळ नाही, आणि तुझा हात असा. बघितलंस ना आई? आताच ही गत, मग सहा महिने काय?" स्वतःच्या दोन हातांना काय झालंय ते नाही सांगितलं. लिफ्टच्या तारा जोडतो, सुईत दोरा जात नाही!

बसल्या बसल्या एक डोक्यात आलं. त्यांचे आठ शब्द म्हणून मी हसले, पण आपले काय कमी आहेत? औषधाचा गुण येतो. झाड फळतं. माणूस लाभतं. जागा मानवते. दुसऱ्याचं भांडण आपल्या पथ्यावर पडतं. सगळा फायदाच, पण एकाच्या जागी दुसरं ठेवून बघा! पथ्यावर पडलेलं म्हणजे लाभलेलं नव्हे.

पुरे. मास्तरीण झाले मी.

६ मार्च

व्यायामवाली म्हणाली, "आजी, आता यायची गरज नाही. हात बरा झाला. शिवा, टिपा, वेणी घाला, काहीही करा." माझ्याकडून रबरी चेंडू दाबून घेतला, मूठ वळवून बघितली, कागदावर सही ठोकली. एकटीच जाते मी तिकडे, कोपऱ्यावरच आहे.

घरी आले. सुनेनं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "चाललंय."

खोटं नाही. चाललंच आहे.

तिच्या हातची वेणी घट्ट बसते. दिवसभर सुटत नाही. आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्याचा हात लागला नव्हता, त्याला पन्नास वर्षं झाली. एवढंच. ह्यावर जास्त लिहायचं नाही.

७ मार्च

व्यायाम संपला तर आज वही कशाला उघडली? काल जे लिहिलं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून.

११ मार्च

मधली भिंत पातळ आहे. पातळ भिंतीचा फायदा असतो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात विचारायला हवं.

मुलगा म्हणत होता, "मी नको म्हणत नाही गं. पण आईचं कोण बघणार? तिला स्वतःचे हूक लावता येत नाहीत. तू सांग, मी लावू?"

पलीकडे बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"सहा महिने! आणि एवढं करून निवड झाली नाही तर? सगळं व्यर्थ."

ती म्हणाली, "निवड झाली तर बघू."

"मी माझ्यासाठी बोलतोय का? आईसाठी बोलतोय."

आहाहा! आईसाठी! ह्याला दाढ दुखली की आई, पगार उशिरा झाला की आई, बायकोला अडवायचं असलं की आई. आता माझ्या मनगटाआड उभा आहे. एवढंसं मनगट आणि एवढा थोराड माणूस, मावतो कसा कोण जाणे.

भिंतीवर हात आपटावासा वाटला. उजवा. पण मग आवाजावरून कळलं असतं ना, हात चांगला आहे ते.

हात पांघरुणात घातला. तो माझ्या मनगटाआड आणि मी कुणाआड?

१५ मार्च

आडवी-टेकस आली होती! कोचावर पसरली. नात चहा घेऊन आली, काकूकडे बघितलं आणि कप बशीवर नाचायला लागला. सून स्वयंपाकघरात पळाली. मोठीनं विचारलं, "काय झालं हिला?" मी म्हटलं, "अभ्यास करतेय."

जाताना मोठी म्हणाली, "एवढं काय नडलंय धाकटीला ह्या वयात? आईंना असं टाकून." मी म्हटलं, "मग तू ने मला सहा महिने." तिला एकदम बसची वेळ आठवली.

१९ मार्च

आज मुलाखत. सकाळी सुनेचे हात गार होते. वेणी घालताना मानेला लागले. आठही शब्द म्हणून घेतले, एकही चुकला नाही. मी म्हटलं, "उभी राहशील तेव्हा ताठ उभी राहा. मालकाच्या अंगावरच्या शर्टाची काजं बघ. वाकडी दिसली तर घाबरायचं कारण नाही." तिनं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, ऊठ, उशीर होईल, नाटकं कशाला?

संध्याकाळी आली, "बरी झाली" म्हणाली आणि कणीक मळायला बसली. बरी म्हणजे काय? घसा कोरडा केला मी महिनाभर आणि मला दोन अक्षरं!

२० मार्च

नातीनं आईकडून सगळं काढून घेतलं आणि मला सांगितलं. लिहून ठेवते, नाहीतर राग विसरेन.

मालक होता, त्याचा हिशेबनीस होता, आणि बाहेरदेशाची एक गिऱ्हाईक बाई. त्या बाईनं विचारलं, शब्द इतके पाठ कसे? तर आमच्या शहाणीनं सगळं सांगून टाकलं. सासूनं एकेका शब्दाला एकेक नातेवाईक दिला! लुकडा जावई, टेबलाखालचा मामा, सगळं खानदान मालकाच्या टेबलावर मांडलं! हिशेबनीस म्हणे खुर्चीवरून पडायचा राहिला. आडवी-टेकस त्याला सांगावी लागली दोनदा.

मग त्या बाईनं विचारलं, "आणि सासूबाई कोणता शब्द?"

आमची सून म्हणाली, "सॅल्युटरी."

राखणदार! तीस वर्षं काजं केली, हिला महिनाभर शिकवलं, आणि मी फाटकावर सॅल्यूट ठोकणारी? मी ताटावरून उठले. सून भांबावली, "आई, अहो ऐका तरी." मी म्हटलं, "ऐकलं. जगानं ऐकलं. बाहेरदेशापर्यंत गेलं."

आज वेणी मोकळी ठेवली. घालायला ती आली होती, मी भिंतीकडे तोंड केलं.

२१ मार्च

नात डिक्शनरी घेऊन बसली. म्हणाली, "आजी, सॅल्यूटचा काही संबंध नाही." सुयांच्या डबीतली ती चिठ्ठीही घेऊन आली होती. मी म्हटलं, वाच.

सुनेचं अक्षर. लिहिलेलं असं: "सॅल्युटरी — घेताना कडू, गुण मागाहून येतो. आई."

नात म्हणाली, "आईनं मुलाखतीत हेच सांगितलं. ती बाई म्हणाली, माझ्याही घरी एक आहे."

कडू म्हणाली! तोंडावर नाही, चिठ्ठीवर. चार परक्या माणसांत.

...गुण येतो असंही म्हणाली.

संध्याकाळी कंगवा घेऊन मीच तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं वेणी घातली, फक्त जरा जास्तच घट्ट. मुद्दाम. मला कळतं.

२४ मार्च

झाली निवड! चारांतून हीच. परवा अकरा वाजता कारखान्यातून घरच्या फोनवर विचारणार आहेत, जाणार की नाही. नाही म्हटलं तर दुसरीला देणार.

नातीनं उडी मारली. मुलगा म्हणाला, "छान." असं छान, की दूध नासावं.

२५ मार्च

सगळे झोपल्यावर वही काढली. हे उद्यावर ठेवायचं नाही.

जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, "उद्या मी थांबतो घरी. फोन मीच घेतो. नीट समजावून सांगतो त्यांना. आईची अवस्था सांगितली की कुणीही समजून घेईल. पुढच्या वेळी बघू."

नात म्हणाली, "बाबा, पुढची वेळ नसते अशी."

"तू गप्प बस. सहा महिने घर विस्कटायचं, आई अशी, आणि परत आल्यावर त्यांनी शब्द फिरवला तर? सगळं व्यर्थ होईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, वर्थव्हाइल!"

नात फस्सकन हसली. मुलाला काही कळलं नाही. पण सून हसली नाही. ताटं गोळा करत होती. खाली बघूनच म्हणाली, "राहू दे गं. घेऊ दे ह्यांना फोन. आईंना आत्ता माझी गरज आहे. त्यांचे हूक कोण लावणार?"

रागानं नाही. रडत नाही. सरळ. जसं एखादं काज उसवून पुन्हा घालतात तसं. महिनाभर आठ शब्द घासले आणि माझ्या पाठीच्या चार हुकांसाठी ठेवून दिले बाजूला.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणावं म्हणून. माझा हात मांडीवर होता, उजवा, बोटं अर्धवट वाकवलेली, आजारी हात ठेवतात तसा. आता सवयच झाली होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही, आणि तेव्हाच नेमकं बोलायला हवं होतं.

आठ शब्द वाटले सगळ्यांना. जावयाला दिला, भावाला दिला, मोठीला दिला. दुसऱ्याच्या अडचणीवर आपली वेणी घालून घेते तिला काय म्हणतात, तो शब्द कागदावर नव्हता. तो मला आपल्याच भाषेत येतो.

२६ मार्च

सगळ्यांच्या आधी उठले. वेणी घातली. जरा वाकडी आली, पण माझी मी घातली. पाठीचे चारही हूक लावले. मग मुलाचा तो शर्ट घेऊन मधल्या खोलीत बसले आणि चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, सुईत दोरा ओवून बटण शिवलं. चार टाके, वेढा, गाठ. दोरा दातानं तोडला.

चहा कुणाचाच संपला नाही.

मुलगा म्हणाला, "आई, हात...?" मी म्हटलं, "सहा तारखेपासून." सून नुसती माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. कडू औषधानं बघायचं नसतं.

आता साडेदहा झालेत. फोनशेजारी खुर्ची घेऊन बसलेय, वही मांडीवर. सगळ्यांना बजावून ठेवलंय: वाजला की उचलायचा तिनं, बोलायचं तिनं, हो म्हणायचं तेही तिनं. बाकी कुणी फोनला हात लावायचा नाही. लावला तर लक्षात ठेवा, माझा हात आता बरा आहे.